कोंबड्यांना ओळखीची, घुबडाला अनोळखी

आज उजाडण्यापूर्वीच उठावे लागले, कारण फटफटताच पाकोळीची पिल्ले चिरचिरू लागतात आणि त्याआधी खुराड्याकडचे काम आटोपलेले असावे लागते. आधी कोंबड्या आणि मग रानपक्षी, हा क्रम मी कधीही उलटा करीत नाही. उपचारखोलीत आणला जाणारा पारवा किंवा एखादी घार सोबत कोणता रोग घेऊन आली आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही. मानमोडी असो वा बर्ड फ्लू, हे रोग विष्ठेतून, नाकातोंडाच्या स्रावातून आणि आपल्या पायताणांच्या तळव्यांवरूनही खुशाल प्रवास करतात. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांमध्ये सापडलेला एच५एन१ विषाणू पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये माणसांपर्यंत पोहोचला आणि त्याचे वंशज नंतर रानपक्ष्यांमधून जगभर पसरले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला बुटांचे दोन वेगळे जोड ठेवणे हा सोवळेपणाचा अतिरेक वाटणार नाही. खुराड्याचे बूट वेगळे, उपचारखोलीचे वेगळे, मध्ये जंतुनाशकाचा उथळ टब, आणि अंगावरचा डगलाही प्रत्येक वेळी बदलायचा. दिवसभरात या कपडेबदलाचा कंटाळा येतो खरा, पण त्याला पर्याय नाही.

खुराड्याचे दार उघडल्यावर कोंबड्या ज्या क्रमाने बाहेर येतात तो क्रम सहसा बदलत नाही. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, याची त्यांच्यातली उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचे निरीक्षण करूनच ती जगापुढे मांडली. मला या उतरंडीचा उपयोग फार साध्या कामासाठी होतो. नेहमी सर्वांत पुढे धावणारी आज मागे का राहिली, एवढा एक प्रश्न रोज सकाळी विचारता आला तरी अर्धे आजारपण वेळेवर पकडता येते. आज तांबडी कोंबडी आली नाही. माझी हाक ऐकून तिने मान वळवली, मात्र पाय हलले नाहीत. शेपूट खाली पडलेली, पिसे फुगलेली आणि दर थोड्या वेळाने पोटाला ताण देण्याचा प्रयत्न चाललेला. तिला उचलून पोटाखाली अलगद बोटे फिरवली तेव्हा अंडे हाताला लागले.

अडकलेले अंडे ही वरवर किरकोळ दिसणारी, परंतु दुर्लक्ष केल्यास एकदोन दिवसांत जीव घेणारी अडचण आहे. ते दाबून बाहेर काढण्याचा मोह कोणालाही होतो आणि तोच आवरायचा असतो, कारण आत अंडे फुटले तर टोकदार कवचाने अंडवाहिनी फाटते. कोमट पाण्याच्या बादलीत तिला छातीपर्यंत बुडवून बराच वेळ धरून ठेवले, पशुवैद्यांना दूरध्वनी करून त्यांनी सांगितलेल्या मात्रेत कॅल्शियम पाजले, पिसे नीट कोरडी केली आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात तिला एकटी सोडली. धरून ठेवण्याच्या त्या वेळात ती डोळे मिटून माझ्या मनगटावर मान टाकून निवांत होती. कोंबडीच्या अंगात अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतले जवळजवळ २० तास एकट्या कवचाला लागतात. एका कवचासाठी तिला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम काढून द्यावे लागते. खाद्यातून ते मिळाले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून देते, आणि कॅल्शियम कमी पडले की कवचही पातळ होते व अंडे ढकलणाऱ्या स्नायूंचा जोरही ओसरतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवलेला असतो, पण ही तांबडी त्या भांड्याकडे फिरकत नाही असे माझे निरीक्षण आहे. आता तिच्यापुरता तो खाद्यात मिसळावा लागेल.

खुडूक बसलेली काळी कोंबडी आपल्या जागी होती. तिच्याखालची अंडी विजेरीच्या उजेडापुढे धरून पाहिली. बहुतेकांत रक्तवाहिन्यांचे जाळे स्वच्छ दिसले, दोन पोकळ निघाली ती काढून टाकली. तिने माझ्या हाताला टोचले, ते तिचे कामच आहे.

उपचारखोलीत शिरल्यावर माझी वागणूक बदलते, किंबहुना बदलावी लागते. खुराड्यात मी मोठ्याने बोलते, प्रत्येकीला हाक मारते, कारण कोंबडी माणसाला जितकी सरावलेली तितके तिला तपासणे सोपे आणि तिच्यासाठीही कमी त्रासाचे असते. इकडे तोंडावर कापड बांधलेले, बोलणे बंद आणि हालचाल मोजकी. कॉनरॅड लोरेन्झ यांच्या मागे चालणाऱ्या हंसपिल्लांची चित्रे पाहून लोकांना गंमत वाटते, आणि वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. पण रानपक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्याने ती चित्रे धोक्याची सूचना म्हणूनच पाहावीत. अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या कोवळ्या काळात पिल्लू ज्याला पाहते त्यालाच आपले मानते, आणि काही जातींत तो ठसा आयुष्यभर पुसला जात नाही.

पाकोळीच्या पिल्लांच्या बाबतीत ही भीती फारशी नाही, मात्र कष्ट पुष्कळ आहेत. ती आपणहून चोच उघडतातच असे नाही. चोचीच्या कडेला नखाने हलका स्पर्श करून ती उघडावी लागते आणि रातकिडा चिमट्याने जिभेच्या मागे ठेवावा लागतो. हे दर तासाला, संध्याकाळपर्यंत. खिमा किंवा मांजराचे खाद्य देऊन पिल्लू जगते आणि वजनही वाढते, परंतु त्याची पिसे निकृष्ट उगवतात, आणि पिसे निकृष्ट असलेली पाकोळी ही जमिनीवरच मरणारी पाकोळी असते. युरोपातील पाकोळ्यांच्या पाठीवर सूक्ष्म नोंदयंत्रे बसवून स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की त्यांपैकी काही पक्षी वर्षातले दहा महिने जमिनीला जवळजवळ न टेकता हवेतच काढतात. अशा पक्ष्याच्या पंखातले एक पीस वाकडे असणे म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या पिल्लाने आज दोन वेळा खाणे नाकारले, आणि दोन्ही पंख खोक्याच्या तळाशी टेकवून ते अंग वर उचलत होते. उडण्याची वेळ जवळ आली की पाकोळी स्वतःहून वजन उतरवते, तेव्हा आजच्या उपासाची मला काळजी वाटली नाही. वजन चोवीस ग्रॅम भरले.

दुपार होण्याच्या बेतात एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन आले. बुटांच्या खोक्यात चिमणीचे पिल्लू होते: पूर्ण पिसांचे, आखूड शेपटीचे, चोचीच्या कडा अजून पिवळ्या.

“ताई, झाडाखाली पडलं होतं. हिने उचललं. आता आई त्याला घेणार नाही म्हणतात.”

मी पंख, पाय आणि पोट तपासले. कुठेही जखम नव्हती, मांजराच्या दाताची खूणही नव्हती. ही शेवटची गोष्ट मी पिसे फुंकून बारकाईने पाहते, कारण मांजराच्या लाळेतील जंतू इतके घातक असतात की टाचणीएवढ्या छिद्रासाठीही पक्ष्याला त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करावे लागते.

“दादा, हे पडलेलं नाही, उडायला शिकतंय. जिथून उचललंत तिथेच, जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि लांब उभे राहून बघा. माणसाचा हात लागला म्हणून चिमणी पिल्लू टाकत नाही.”

मुलगी हिरमुसली. तिला ते वाढवायचे होते. “मावशी, मी त्याला पाणी पण पाजलं,” असे ती म्हणाली, आणि मी पिल्लाची छाती कानाशी धरून श्वास ऐकला. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. चोचीत ओतलेले पाणी सरळ तिथे उतरू शकते, आणि चांगल्या हेतूने आणलेले कितीतरी पक्षी माझ्या हातात असेच गुदमरून गेलेले आहेत. सुदैवाने याचा श्वास स्वच्छ होता. तासाभराने त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला की चिमणी आली, तिने अळी भरवली आणि मुलगी आता तिथून हलायला तयार नाही. दिवसभरातला हा सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत यशस्वी उपचार म्हणायला हवा.

मधल्या वेळेत खोक्यात तांबडीने अंडे घातलेले दिसले, कवच मऊ आणि सुरकुतलेले. तिला आणखी एक दिवस वेगळी ठेवणार आहे. दुपारनंतरची साफसफाई, भांडी उकळणे आणि कागद बदलणे यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दिवसाचा मोठा भाग मात्र त्यातच जातो.

दोन मोठ्या पिंजऱ्यांपैकी पहिल्यात घार आहे. तिला एका कुटुंबाने घरट्यातून पडलेले पिल्लू म्हणून उचलले आणि कित्येक महिने वाढवले. त्यांनी तिला खरोखर जीव लावला होता. तिला सोडून जाताना घरातली मोठी माणसेही रडली. हाडांशिवाय निव्वळ मांस खाऊ घातल्यामुळे तिचे पाय किंचित वाकले आहेत, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते आणि वाढत्या पक्ष्याला ते हाडांसकट भक्ष्यातूनच मिळायचे असते. पण पायांचे एक वेळ चालून गेले असते. ती उत्तम उडते, झडप घालते, आणि माणूस दिसला की पिल्लासारखी पंख थरथरवून अन्न मागते. आज मी तोंड झाकून, न बोलता आत गेले तरीही ती माझ्या खांद्याकडे झेपावली. मोकळी सोडली तर ती कोणा अनोळखी माणसाच्या डोक्यावर उतरेल, त्याला तो हल्ला वाटेल, आणि पुढे काय घडेल हे उघड आहे. आज माझ्याकडे असलेल्या रानपक्ष्यांत शरीराने ती सर्वांत धडधाकट, आणि जिचा कागद मी “सोडण्यायोग्य नाही” असा शेरा मारून बंद केला तीही तीच. तिला इथे आणखी ठेवण्याचा अधिकार मला नाही. वन्य पक्षी सांभाळण्याचे परवाने बहुतेक ठिकाणी उपचारापुरतेच असतात, म्हणून तिला कायम सांभाळू शकेल अशा केंद्राशी पत्रव्यवहार चालू आहे. त्या कुटुंबाला दोष देताना माझी जीभ अडखळते, पण नुकसान त्यांच्याच हातून झाले आहे, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या पिंजऱ्यातले गव्हाणी घुबड नेमके विरुद्ध टोकाचे. उंदीर मारण्याचे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया हळूहळू बंद पडत असताना तो काही दिवस सुस्तपणे उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. हे घुबड आले तेव्हा त्याच्या तोंडाचा आतला भाग पांढराफटक होता आणि सुई टोचलेल्या जागेचे रक्त थांबत नव्हते. विषाचा अंमल शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने पशुवैद्यांनी व्हिटॅमिन के१ काही आठवडे चालू ठेवले, आणि आता रक्त तपासणीत ठीक आले आहे. त्याला अन्न अंधार पडल्यावर फटीतून सरकवले जाते. कोण ठेवते हे त्याने पाहू नये अशी सारी व्यवस्था आहे. सकाळी खाली पडलेली, केस आणि हाडे यांची ओकलेली गोळी सापडली की समजायचे, पचन सुरळीत आहे.

संध्याकाळी त्याचे उड्डाण तपासले. पिंजऱ्याच्या एका टोकाला मी नुसती उभी राहिले एवढ्यानेच ते चोच कटकटवून फुत्कारले आणि दुसऱ्या टोकाला गेले. मी डोळे मिटून ऐकत होते. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या पिसांना कंगव्यासारखी बारीक दातेरी कड असते आणि पिसांचा पृष्ठभाग मखमली असतो, त्यामुळे हवा फडफडत नाही. अंधारात केवळ कानांवर शिकार करणाऱ्याला स्वतःच्या पंखांचा आवाज परवडत नाही. पहिल्या फेऱ्यांत काहीच ऐकू आले नाही. नंतर डावीकडे वळताना एक पुसटशी सळसळ आली, आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर एका पिसाचे टोक झिजलेले दिसले. पूर्वीच्या पक्ष्यांची गळालेली पिसे मी स्वच्छ करून जपून ठेवते; झिजलेल्या पिसाची नळी कापून तिच्यात बारीक काडीने दुसरे पीस बसवण्याची बाज पाळणाऱ्यांची जुनी युक्ती इथे उपयोगी पडते. तेवढ्यासाठी त्याला पुन्हा हातात धरावे लागेल. ते मला नको आहे आणि त्यालाही, पण धाप न लागता त्याने आज जितक्या फेऱ्या मारल्या त्या पाहता हे शेवटचेच धरणे ठरावे.

अंघोळ करून, कपडे बदलून रात्री पुन्हा खुराड्यात गेले. कोंबड्या दांडीवर झोपल्यावरच लाल माइट बाहेर पडतात. दिवसभर फटीत दडून बसणारे हे कोळ्यांच्या नात्यातले जीव रात्री रक्त पितात आणि उन्हाळ्यात आठवड्याभरात त्यांची नवी पिढी तयार होते. दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद फिरवला तर त्यावर दोन तांबडे फराटे उमटले. म्हणजे उद्या दांड्या काढून, सांधे उकळत्या पाण्याने धुऊन, फटी बुजवणे आले. पशुवैद्य पीस बसवण्यासाठी सकाळी दहाला येणार आहेत, तेव्हा दांड्यांचे काम त्याआधी संपवावे लागेल. वारा पडलेला असला आणि वजन टिकून राहिले तर मोठ्या पाकोळीला उद्या उघड्या मैदानात तळहातावर उंच धरून पाहायचे. फेकायचे मुळीच नाही, जायचे की नाही हे तिचे तिने ठरवायचे. रातकिडे संपत आले आहेत.