आधी गळती, मग अडगळ

घरातला पसारा काढून पैसे मोकळे करायचे म्हटलं की सगळे आधी माळ्यावर चढतात. माझ्या मते सुरुवात बँकेच्या स्टेटमेंटपासून करावी. माळ्यावरची वस्तू पैसे एकदाच देते, न वापरलेली ॲपची, जिमची वर्गणी मात्र दर महिन्याला नेते. महिना १४९ रुपये म्हणजे वर्षाला १,७८८.

तीन महिन्यांचं स्टेटमेंट पुरत नाही, वार्षिक वर्गण्या त्यात सापडत नाहीत. १३ महिन्यांचं काढा आणि त्यात ऑटोपे, मॅन्डेट, नॅच, एसीएच हे शब्द शोधा. खात्यातून आपोआप पैसे कापायला आपण दिलेल्या परवानगीच्या या खुणा. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क बघा, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. दोन-तीन बँकांत खाती असतील तर सरकारी योजनांतल्या जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये प्रत्येक खात्यातून तर जात नाहीत ना, हे मेअखेरच्या नोंदींत तपासा. दोनदा हप्ता भरला तरी संरक्षण एकाच विम्याचं मिळतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ॲप फोनवरून काढून टाकण्यात. ॲप गेलं तरी वर्गणी चालूच राहते! अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर टिचकी मारा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन तिथे रद्द करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्स दिसतात. भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा बहुधा चालू राहते, त्यामुळे 'महिनाअखेरीला बघू' म्हणण्यात अर्थ नाही. यूपीआयवरून दिलेली परवानगी त्याच यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात सापडेल. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती जाहिरातींच्या मेसेजांत बुडून जाते.

मात्र दिसेल ते मॅन्डेट धडाधड बंद करू नका. त्यात कर्जाचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडातली ठरावीक गुंतवणूक), विमाही असतो. जिम किंवा क्लासचं नुसतं मॅन्डेट थांबवलं तर सभासदत्व तसंच राहून थकबाकी चढू शकते. तिथे आधी लेखी कळवा, पोच घ्या, मग मॅन्डेट काढा.

जादाचं बचत खाते बंद केलं की किमान शिल्लक म्हणून अडकलेली रक्कम सुटते. त्याआधी गॅसचं अनुदान आणि आयकराचा परतावा दुसऱ्या खात्याकडे वळवा. जुनी स्टेटमेंटही उतरवून ठेवा, कारण खातं बंद झालं की नेटबँकिंगही जातं.

आता वस्तू. जुना फोन खणात ठेवला की त्याचा भाव दर महिन्याला उतरतो, म्हणून तो पहिला विका. रीसेट करण्याआधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा. नाहीतर चालू करताना फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणारा भाव पाडतो. आयफोनवर आयक्लाउडमधून साइन आउट करा. बिल, खोका असेल तर द्या. ऑनलाइन विकताना कुणी 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत देताना दोन्ही वेगळी करून तोला, तांब्याचा भाव जास्त असतो. एकत्र टाकली तर सगळ्याला पितळेचाच भाव लागतो. लोखंडी कड्या घरीच काढा, नाहीतर दुकानदार अंदाजाने वजावट करतो आणि तो अंदाज तुमच्या बाजूने नसतो. 'मोडीचा भाव रोख की बदलीत?' हे आधी विचारा, रोखीत बहुतेकदा कमी मिळतो. घरच्या वजनकाट्यावर आधी वजन करून नेलेलं बरं. रद्दीचंही तेच.

कपडे बोहारणीला जायला हरकत नाही, पण जरीच्या जुन्या साड्या त्यात टाकू नका. खरी जर चांदीची असते आणि अशा साड्या विकत घेणारे वेगळे असतात. निदान दोघांना दाखवल्याशिवाय देऊ नका.