बुडबुड्यांचं कुंपण

आज उत्तर समुद्रात, जर्मनीच्या हद्दीत, पवनचक्कीचा पाया ठोकताना पाहिला. आधी दिसलं ते पाण्यावरचं फेसाळ पांढरं रिंगण. तळाशी भोकं पाडलेला होज गोल अंथरतात, कॉम्प्रेसरने त्यात हवा सोडतात. बुडबुड्यांच्या पडद्यात हातोड्याचा आवाज बराचसा अडतो. हा सगळा खटाटोप पॉरपॉइजसाठी. डॉल्फिनचं बुटकं भावंडच ते, कानांवर जगणारं. नियम कडक: ७५० मीटरवर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या आत. (हे पाण्यातले डेसिबल, डीजेशी तुलना नको!) सुरुवातही दबकतच, म्हणजे त्यांना लांब पळता यावं.

लांबून ठोका आधी दिसायचा, ऐकू नंतर यायचा. दुर्बीण धरून मान आखडली, पॉरपॉइज एकही नाही. दिसला नाही याचाच आनंद मानायचा, हे अजून अंगवळणी पडत नाहीये.