येझदी सुरू झाली, पण आता पांढरा धूर

माझी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, येझदी रोडकिंग, सुरूच होत नव्हती. मागच्या वेळी तिच्या इग्निशनमधला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला) कंडेन्सर बदलून ‘आता झालंच’ असं लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो. त्यानंतर अकरा दिवस रोडकिंग खानापूरच्या आमच्या पडवीत तशीच उभी होती. शेजारच्या काकी रोज सकाळी विचारायच्या, "काय रे, त्या गाडीला एवढ्या लाथा कशाला मारूलास?"

लक्षणं तीच. स्पार्क प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवला की झकास निळी ठिणगी, आत बसवला की सगळं ठप्प. दहा किकनंतर प्लग ओला. वैताग असा की पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) पेट्रोलनं धुऊन, पुसून, गॅप ०.४ मिमीला लावली की गाडी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. वीस सेकंद. मग फट् करून बंद. पुन्हा पुसा, पुन्हा वीस सेकंद.

मी ठिणगीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर संशय घेतला. ऑनलाइन मागवलेली ‘ओरिजिनल’ कॉइल आली, काडीचा फरक नाही. म्हैसूरची फॅक्टरी १९९६ लाच बंद पडली, तरी ओरिजिनलची कोरी पाकिटं अजून निघतायत. कुठून, ते देव जाणे. इथून पुढे जुन्या गाडीचा निघालेला पार्ट चालेल, पण असलं पाकीट नको.

उलगडा झाला तो बोटामुळे. पॉइंट ज्याच्या आत असतात ते डायनामोचं कव्हर काढताना आतून चिकट लागलं. वास घेतला तर टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतो ते तेल! तिथे त्याचं काय काम? सगळं कोरडं पुसलं, कव्हरच्या आत ‘तरुण भारत’चा एक तुकडा चिकटवला आणि तीस किक मारल्या. कागदावर बारीक तेलाचे ठिपके.

म्हणजे क्रँकशाफ्टच्या उजव्या बाजूचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलेलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टन खाली आला की तिथेच दाबलं जातं. सील ढिलं असलं की तो फवारा थेट पॉइंटवर. पॉइंटवर तेलाचा पापुद्रा बसला की ठिणगी उघड्यावर दिसते, पण कॉम्प्रेशनखाली दम तोडते. आणि पिस्टन वर जाताना त्याच फटीतून फुकटची हवा आत.

मध्यंतरी दोघा-तिघांनी सांगितलेलं, पॉइंट काढून टाक, सीडीआय (पॉइंटशिवाय चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसव. मी जवळजवळ मागवलीच होती. बरं झालं थांबलो. सीडीआयला तेलाचं काही वाटलं नसतं, गाडी सुरू झाली असती, हवा जास्त खात राहिली असती आणि जांबोटीच्या चढाला पिस्टन जाम झाल्यावर मला अक्कल आली असती. कटकटे पॉइंट होते म्हणून चोर सापडला.

सीलपर्यंत पोचायला डायनामोचं आर्मेचर (फिरणारा भाग) काढावं लागतं, ते निघेना. हातोडी मारायचा मोह आवरला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांनी ते ओढून काढायचा बोल्ट अर्ध्या तासात बनवून दिला, वर पैसे घेताना म्हणाले, "गाडी चालू झाली की एक फेरी मला." जुनं सील नखानं दाबून बघितलं तर भाकरीच्या वाळक्या तुकड्यासारखं कडक. नवीन सीलच्या ओठाला तेल लावून, सॉकेट ठेवून हळूच ठोकलं. पॉइंट, टायमिंग, प्लग. तिसरी किक, आणि आळंदीच्या टाळासारखा दोन्ही सायलेन्सरचा आवाज! काकी बाहेर आल्या, मी थ्रॉटल जरा जास्तच पिळला.

पाच मिनिटं आनंद. मग लक्षात आलं, गरम झाल्यावरही धूर कमी होईना, दाट पांढरा. लिटरला ४० मिलीच तेल टाकतो, त्याचा इतका धूर नसतो. गिअर ऑइलची पातळी बघितली तर खाली गेलेली. म्हणजे डावं सीलसुद्धा गेलेलं, इंजिन तिथून गिअर ऑइल पितंय. इतके दिवस इंजिन वीस सेकंदांच्या वर चाललंच नाही, कळणार कसं?

रविवारी कणकुंबीला जायचं ठरवलेलं, ते रद्द. डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच काढावा लागणार. काढतोच आहे तर क्लचच्या प्लेटाही बघतो. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, दोन्ही बाजू उघड्या आहेत तोवर कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ आहे का तेही बघून घ्यावं. असला तर मग पूर्ण इंजिनच खाली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.