तुम्ही विचारलंत म्हणून: थोडक्या पैशांत तब्येत कशी राखावी

आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या इमारतीत जिन्यावर भेटणाऱ्या शेजारणी, भाचीच्या नुकत्याच नोकरीला लागलेल्या मैत्रिणी, जांभळी नाक्यावर भाजी घेताना थांबवणारी एखादी ओळखीची बाई, अशा अनेकजणी मला एकच प्रश्न विचारतात: जिमची फी न भरता, प्रोटीनच्या पावडरी न आणता, घरखर्च सांभाळून तुम्ही तब्येत कशी राखता? उभ्याउभ्या याचे उत्तर पुरे होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, आपल्या ताटात नवे काही आणण्याची फारशी गरज नसते. आहे त्याचेच प्रमाण बदलावे लागते. बहुतेक घरांत भात-पोळी पोटभर, वरण पातळ आणि उसळ तोंडी लावण्यापुरती असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये, 300 मिलिलीटर दूध आणि 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाच्या बाईला सुमारे 50 ग्रॅम. वरच्या मापाचे धान्य साधारण 22, डाळी-कडधान्ये 18 आणि दूध 10 ग्रॅम प्रथिने देते. बेरीज करून पाहा, गरज घरच्या जेवणातच भागते. धान्यात जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, कमी असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढते, त्यामुळे वरण-भात किंवा उसळ-भाकरी एकत्र खाण्याला खरोखरच अर्थ आहे. स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नयेत, असेही याच सूचनांत सांगितले आहे, आणि माझ्या मते घरखर्चाच्या दृष्टीने त्यातली ही सर्वांत मोलाची सूचना आहे.

मटकी हा माझा मोठा आधार आहे. माणशी 50 ग्रॅम कोरडी मटकी घेतली, तर त्यातून सुमारे 10 ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून साधारण 6 मिळतात. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी निथळून पंच्यात बांधून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला चांगले मोड येतात. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत मात्र त्याच पुरचुंडीला आंबूस वास येतो, मटकीला तार सुटते. म्हणून त्या दिवसांत ती मधे एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन, पुन्हा नीट निथळून बांधावी. वाढताना उसळीवर लिंबू पिळावे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी शोषले जाते, त्यामुळे चहा तासाभराने घ्यावा.

कॅल्शियमसाठी नाचणीसारखे स्वस्त धान्य नाही. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते. मासे खाणाऱ्यांनी पापलेट-सुरमईच्या मागे न लागता मांदेली आणावी, सुका जवळा आणावा, मात्र जवळा धुऊन घ्यावा, म्हणजे खारटपणा उतरतो. पावसाळ्यात येऊरच्या बाजूच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळे घेऊन बसतात. या भाज्या जरूर घ्याव्यात, पण शेवळे काकडांशिवाय, म्हणजे त्यांच्यासोबत घालतात त्या आंबट रानफळांशिवाय, शिजवू नयेत, घसा खाजतो.

तेलाकडे विशेष लक्ष द्यावे. चौघांच्या घरात महिन्याला तीन ते साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. मी महिन्याचे तेल एकदाच आणते आणि फोडणीसाठी मोजका चमचा ठेवते. बाटली थेट कढईत ओतण्याची सवय मोडली की पैसाही वाचतो.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. चालणे पुष्कळजणी करतात, मीही कचराळी तलावाभोवती चालते. पण ताकदीचा भाग बायका हमखास सोडून देतात, आणि चाळिशीनंतर स्नायू झडू लागतात तेव्हा नेमकी त्याचीच गरज असते. त्याला यंत्रे लागत नाहीत. ओट्याला हात टेकून तिरके जोर काढावेत, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि बसावे, हे सोपे झाले की पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ भरून तेच करावे. मी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातच हे करते. वेगळी वेळ काढायची ठरवली की ती कधीच मिळत नाही, हे नोकरी करून लोकलने येणाऱ्या बाईला सांगावे लागणार नाही. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच बैठकांना हात घालावा.

खर्च करायचाच असेल तर चालण्याच्या चांगल्या बुटांवर करावा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासली जाते. ही तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, आणि साखर जास्त निघाली तर वर दिलेली धान्याची मापे डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत.