तुम्ही विचारलंत म्हणून : पाच वर्षांच्या गोष्टीतले चोरदरवाजे

‘कलाकार मध्येच सोडून गेला, तर आधीपासून आखलेली गोष्ट कोलमडत नाही का?’ विज्ञानकथा-मालिकांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. आपल्या रोजच्या मालिकांत याचं उत्तर सोपं असतं: सोमवारी त्याच नावाने दुसरा चेहरा दारात उभा. पण ज्या गोष्टीत पहिल्या वर्षीचं वाक्य तिसऱ्या वर्षी फळाला येतं, तिथे एवढ्यावर भागत नाही. म्हणून उत्तरासाठी ‘बॅबिलॉन ५’ ही त्याच नावाच्या अंतराळ-स्थानकावर घडणारी अमेरिकी मालिका घेऊ. (मालिका पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलं आहे.)

१९९३ मध्ये तिचा नमुना-भाग (पायलट) आला आणि १९९४ ते १९९८ या काळात पाच पर्वं, प्रत्येकी २२ भाग, एकूण ११०. त्यातले ९२ मालिकेचा जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने लिहिले; तिसरं आणि चौथं पर्व तर अख्खं त्याचंच. गोष्टीतलं एक वर्ष म्हणजे एक पर्व. कुठे पोचायचं हे ठरलेलं होतं, आणि प्रत्येक पात्रामागे एक चोरदरवाजा ठेवलेला होता: उद्या हा माणूस नसेल, तर याचं काम कोण उचलेल?

‘काम’ हा शब्द महत्त्वाचा. माणूस आणि गोष्टीतलं त्याचं काम वेगवेगळं मांडलं, तर माणूस गेला तरी काम वाटून देता येतं. नमुना-भागातली उपप्रमुख लॉरेल ताकाशिमा पुढे दगा देणार, असा बेत होता. तिच्या मनात तिलाही ठाऊक नसलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व पेरलेलं असणार होतं आणि सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डीवर तीच गोळी झाडणार होती. अभिनेत्री मालिकेत आली नाही. मग गोळी झाडायचं काम गॅरिबाल्डीच्या स्वतःच्या मदतनिसाकडे गेलं आणि पेरलेलं व्यक्तिमत्त्व टालिया या मनकवडीकडे. दुसऱ्या पर्वात टालियाची अभिनेत्री निघाली, तेव्हा तो दरवाजा उघडला आणि टालिया एका भागात संपली. मनकवडीची जागा लिटाने घेतली, म्हणजे नमुना-भागातल्याच मनकवडीने. नवं पात्र घडवण्यापेक्षा जुनं परत आणणं केव्हाही स्वस्त पडतं, कारण त्याची ओळख प्रेक्षकांना पुन्हा करून द्यावी लागत नाही.

खरी परीक्षा पहिल्या पर्वानंतर झाली. स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर करणारा मायकेल ओ’हेअर गेला. (कारण मानसिक आजाराचं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये, स्ट्रॅझिन्स्कीने ते त्याच्याच संमतीने सांगितलं.) सिंक्लेअरवर तीन कामं होती: स्थानक चालवणं, मिनबारी या परग्रहवासीयांशी जोडलेला गूढ भूतकाळ, आणि काळातून भरकटलेल्या आधीच्या स्थानकाचं, ‘बॅबिलॉन ४’चं कोडं. पहिलं काम नव्या शेरिडनकडे गेलं. उरलेली दोन सिंक्लेअरकडेच ठेवून त्याला राजदूत म्हणून मिनबारला पाठवलं, आणि तिसऱ्या पर्वात दोन भागांपुरतं परत आणून कोडं सोडवलं. पहिल्या पर्वात ‘तो एक’ म्हणून ज्याचा उल्लेख होता, ते तिथे तिघे निघाले: सिंक्लेअर, मिनबारींची राजदूत डेलेन आणि शेरिडन. ओझं तिघांत वाटलं गेलं, आणि जुना भाग आज पुन्हा पाहिला तरी खोटा पडत नाही.

शेरिडनला सिंक्लेअरची नक्कल केलं नाही, हे मला सगळ्यात पटतं. सिंक्लेअर मिनबारींना हवा होता. शेरिडनने पृथ्वी-मिनबारी युद्धात त्यांचं मुख्य जहाज उडवलेलं, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर राग. बदली पात्र आधीच्याच्या उलट टोकाचं असलं की जुन्या पात्रांनाही नव्याने वागावं लागतं. विकास बहुतेक वेळा असाच होतो, भाषणांनी होत नाही.

आता लोंडो आणि जकार, दोन हाडवैरी परग्रही जमातींचे राजदूत. जकारच्या हातून आपला गळा आवळला जाणार, हे लोंडो पहिल्या पर्वाच्या पहिल्याच भागात सांगतो, स्वप्नात पाहिलंय म्हणून. शेवट उघड आहे, तरी उत्सुकता संपत नाही, कारण प्रश्न ‘काय’चा नसून ‘का’चा आहे. तिसऱ्या पर्वात तो भविष्यातला क्षण दिसतो तेव्हा लोंडो स्वतःच मरण मागतोय, आणि जकार सूड न घेता त्याला सोडवतोय. घटना तीच, अर्थ फिरला. त्या दृश्यात जकारला एकच डोळा आहे. दुसरा तो चौथ्या पर्वात कैदेत गमावतो. अशी खूण आधी दाखवली की ती उधारी झाली, फेडावीच लागते. लोंडोचा मदतनीस व्हीर, त्याची तर गंमतच. ‘तुला काय हवंय?’ असं शत्रूंचा हस्तक मॉर्डन दुसऱ्या पर्वात विचारतो. व्हीर म्हणतो, तुझं मुंडकं भाल्यावर टांगलेलं पाहायचंय आणि त्याला असा हात हलवायचाय. चौथ्या पर्वात तो खरंच हात हलवतो.

स्वतः लिहीत असाल तर उधारीची वही ठेवा, पात्रागणिक एक पान. अंगावरच्या खुणा, दिलेली वचनं, न दिलेली उत्तरं, आणि सगळ्यात चुकणारी गोष्ट: कोणाला काय, कितव्या भागापासून माहीत आहे. सरकतं ते बहुधा याच रकान्यात. लेखकाला ठाऊक असतं म्हणून पात्रही ठाऊक असल्यासारखं बोलून जातं.

आणि बाहेरची गडबड कुठल्याच वहीत मावत नाही. चौथ्या पर्वाच्या वेळी मालिका दाखवणारं वाहिन्यांचं जाळं बंद पडत होतं, म्हणून गोष्टीतली दोन्ही मोठी युद्धं घाईने आवरली आणि शेवटचा भागही चित्रित करून टाकला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं पर्व दिलं. तो भाग राखून ठेवला आणि चौथ्याला नवा शेवट जोडला. म्हणून पाचव्या पर्वात नसलेली स्थानकावरची अधिकारी इव्हानोव्हा शेवटच्या भागात दिसते आणि तिच्या जागी आलेली लॉकली दिसत नाही. पाचव्याचा पहिला अर्धा भाग विरळ वाटतो, तोही याच घाईमुळे. मसाला आधीच्या पातेल्यात संपला होता.

काही फरक मात्र निमूटपणे सोडून दिलेलेच बरे. नमुना-भागातल्या डेलेनचा चेहरा मालिकेत बदलला, आणि समोरच्याला जागीच चिरडणाऱ्या तिच्या अंगठ्याही पुन्हा दिसल्या नाहीत. मालिकेने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.