जिथे कोंडलं, तिथेच राहू द्या

तैपेईत दुभाषी म्हणून काम करताना माझे बहुतेक दिवस यंत्रांच्या भाषेत जातात. चाकण-भोसरीचे उद्योजक तायचुंगला सीएनसी मशिनं बघायला येतात, शिंचूला चिपवाल्यांच्या बैठका असतात. त्यामुळे विदर्भातल्या एका कुष्ठसेवी संस्थेच्या लोकांना लशंग बघायचंय असा निरोप आला, तेव्हा मी तारीखही न विचारता हो म्हटलं. लशंगबद्दल मी वाचलेलं होतं, पण तिथल्या कुणाशी बसून बोलायची वेळ कधी आली नव्हती.

पथकात एक डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट ताई, संस्थेचे सचिव आणि एक काका होते. काकांनी वयाची साठी ओलांडलेली. तरुणपणी स्वतः आजारातून बरे झालेले, आणि नंतरची सगळी वर्षं संस्थेच्या चप्पल विभागात काढलेली. कुष्ठरोगात नसा बधिर झाल्या की पायाला खिळा टोचला तरी कळत नाही, जखम हाडापर्यंत जाते. म्हणून एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर, या मऊ रबराच्या खास चपला लागतात, आणि त्या प्रत्येक पायाच्या मापाने कापाव्या लागतात. ते काम काकांचं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली आहेत. त्याच हाताने ते रबर कापतात.

लशंग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. १९३० साली, तैवान जपानच्या ताब्यात असताना, वसाहत सरकारने तैपेईबाहेर शिंज्वांगच्या टेकडीवर कुष्ठरुग्णांसाठी ही जागा उभी केली. म्हणायला रुग्णालय, पण भोवती कुंपण आणि बाहेर पडायला बंदी. अंगावर चट्टा दिसला की पोलीस दारात, आणि एकदा माणूस आत गेला की घरचा संपला. १९३४ मध्ये या सक्तीला कायद्याचा आधार मिळाला. १९४५ ला जपानी गेले आणि चीनमधून राष्ट्रवादी पक्षाचं सरकार आलं. तैवानच्या इतिहासात या बदलाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, १९४७ चं हत्याकांड, पुढे १९८७ पर्यंत चाललेला मार्शल लॉ, सगळं. लशंगच्या कुंपणाला मात्र सरकार बदलल्याचा पत्ताच लागला नाही. नवं सरकारही माणसं उचलून तिथेच आणत राहिलं. रहिवाशांची संख्या हजाराच्या घरात गेली. साठच्या दशकात सक्ती सैल झाली, पण तोवर परत जायला घर कुणाला उरलं होतं?

आम्ही मेट्रोच्या नारिंगी मार्गाने शेवटच्या स्टेशनला, हुइलोंगला उतरलो. बाहेर पडलं की रुग्णालयाची उंच नवी इमारत दिसते, आणि तिच्या मागे टेकडीचा मोठा लचका तोडून केलेलं मेट्रोचं कारशेड. आरेचं आंदोलन पाहिलेल्यांना कारशेडला किती जागा लागते हे वेगळं सांगायला नको. त्याच्या पलीकडे, वरच्या अंगाला, झाडांत लपलेली कौलारू बैठी घरं. जुनं लशंग तेवढंच उरलंय. बाकी सगळं या कारशेडखाली गेलं.

आम्हाला फिरवायला आलेली मुलगी पीएचडीची विद्यार्थिनी होती. माझी अडचण तिच्यामुळेच सुटणार होती, कारण तिथली वयस्क माणसं मँडरिन फारसं बोलत नाहीत, त्यांची बोली तैवानी. म्हणजे काकांची वऱ्हाडी मी मँडरिनमध्ये करायची, तिने ती तैवानीत न्यायची, आणि उत्तर त्याच वाटेने परत. इतकी लांब साखळी असली की बोलणं तुटक होतं, अशी मला धास्ती होती.

चालता चालता ती मधला भाग सांगत होती. १९९४ मध्ये ही जागा मेट्रोसाठी ठरवली गेली. राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. २००२ मध्ये पाडापाडी सुरू झाली, २००५ मध्ये नवी इमारत तयार झाली आणि सगळ्यांना तिकडे हलवायचं ठरलं. बरेच गेले. काहींनी नकार दिला. सत्तरी-ऐंशीतली ही माणसं, काहींचे पाय कापलेले, काहींची दृष्टी गेलेली, त्यांनी बचाव संघटना काढली आणि विद्यापीठातली पोरं त्यांच्याबरोबर उभी राहिली. १५ एप्रिल २००७ ला तैपेईत मोठा मोर्चा निघाला. त्याच वर्षी ५५ पैकी ३९ इमारती जागेवर ठेवायचा तोडगा निघाला, तो रहिवाशांना अपुरा वाटला, आणि काम पुढे चालूच राहिलं. २०१३ मध्ये हुइलोंगपर्यंत गाडी सुरू होण्याआधी विद्यार्थ्यांनी दर सहा पावलांना गुडघे टेकत मोर्चा काढला. हे ऐकून सचिव थांबले आणि म्हणाले, "म्हणजे लोटांगणच." त्या पोरांपैकी काही जण पुढे २०१४ मध्ये संसद व्यापणाऱ्या सूर्यफूल आंदोलनातही होते. तैवानच्या लोकशाहीची गोष्ट सांगताना लोक नेत्यांची आणि निवडणुकांची नावं घेतात. माझ्या मते या टेकडीचं नाव त्या यादीत फार वर यायला हवं.

जुनी मुख्य इमारत वरून पाहिली तर तीन आडव्या ओळी आणि त्यांना जोडणारी मधली एक उभी ओळ अशी दिसते. चिनी लिपीतलं 'राजा' हे अक्षर असंच लिहितात. तिच्यापुढे उतारावर बौद्ध प्रार्थनागृह आहे, जवळच एक चर्च. पन्नासच्या दशकात लिलियन डिक्सन या मिशनरी बाईंनी इथल्या रुग्णांसाठी खूप धावपळ केली. चर्च उभं राहिलं, आणि रुग्णांच्या बाळांसाठी वेगळं अनाथघरही निघालं, कारण बाळाला आईजवळ ठेवायला परवानगी नव्हती. ताईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि मग बराच वेळ काही लिहिलं नाही.

ज्या आजींकडे आम्ही गेलो, त्यांना तिथे सगळे 'आमा' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ऐंशीच्या पुढच्या. पन्नासच्या दशकात, शाळकरी वयात, दक्षिणेकडच्या खेड्यातून त्यांना आणलं. वडील स्टेशनपर्यंत आले होते. आमाला शेवटच्या डब्यात एकटीला बसवून दारं लावली होती. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग त्यांनी विषय बदलला आणि चहाचं विचारलं.

चहा त्यांनी स्वतः केला. बोटं जवळजवळ नाहीतच. किटलीच्या कडीला कापडाची पट्टी गुंडाळलेली, ती मनगटात अडकवून त्यांनी पाणी ओतलं, आणि पेले दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून एकेक पुढे केला. काकांनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला, तोही तसाच, दोन्ही तळवे जोडून. घोट घेतला आणि म्हणाले, "चहा झकास झाला, माय." मी ते मँडरिनमध्ये नेईपर्यंत आमाचं लक्ष काकांच्या बोटांवर गेलेलं होतं. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. तिने मला सांगितलं, "हे पण आपल्यातलेच का, असं विचारतायत." काकांना मी मराठीत सांगायच्या आत त्यांनी हात उलटसुलट करून आमापुढे धरला होता.

तिथून पुढे साखळी लांब राहिली नाही. दोघं एकमेकांकडे बघून बोलत होते, आम्ही दोघी मागून धावत होतो.

आमाने जुन्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या. त्या आल्या तेव्हा डॅप्सोनच्या गोळ्या नुकत्या येत होत्या. त्याआधी तेलाची इंजेक्शनं असायची, जाडजूड सुई, आणि टोचलेल्या जागी गळू व्हायचं. काका ताठ बसले. "कडू कवठाचं तेल!" ते म्हणाले. "माह्या आज्याच्या पिढीले हेच टोचत." डॉक्टरांनी खुलासा केला की चॉलमुग्रा म्हणतात ते हेच, त्या जातीची झाडं आपल्या सह्याद्रीतही आहेत, आणि प्रभावी औषध येईपर्यंत जगभरात हाच उपाय होता. त्या तेलाने रोग बरा होत नसे. पण हजारो मैलांवरच्या दोन वस्त्यांत लोकांच्या दंडावर एकाच तेलाचे वण राहिले. दुभाष्याच्या कामात अशी जागा क्वचितच मिळते, की मधल्या दोन भाषा गळून पडतात आणि दोन्हीकडची माणसं एकदम मान हलवतात.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. खरं तर तेवढ्यासाठीच ते आले होते. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, चोवीस तास नर्स आहे, ड्रेसिंगची सोय आहे. वैद्यकीय दृष्टीने ती जागा केव्हाही बरी. मग राहायला तिकडे का गेला नाहीत?

आमा बराच वेळ बोलल्या. विद्यार्थिनीने टिपून घेतलं आणि मग मला सांगितलं. ते मी शक्य तितकं जसंच्या तसं देते.

"मी आले तेव्हा गेटबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. पळून गेलेल्यांना धरून आणत. मी रडले, मग रडायची थांबले. हे झाड आम्ही लावलं. ही पायवाट आमच्या माणसांनी फोडली, बोटं नसलेल्या हातांनी. अंगणात कोंबड्या होत्या. नवरा इथेच भेटला, इथेच गेला. आणि मग साहेब आले आणि म्हणाले, आता बाहेर निघा, इथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. तिकडे खोलीत चूल नाही. रात्रभर दिवे. दार उघडलं की समोर भिंत. एकदा कोंडलं तेव्हा मी लहान होते, काही बोलता आलं नाही. दुसऱ्यांदा मी म्हातारी आहे. आता बोलते."

डॉक्टर काही बोलले नाहीत. काका मात्र बोलले, आणि ते वाक्य मँडरिनमध्ये न्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. "आमाले सांग, माह्या वस्तीत पण लोकं असेच आले. मरायले सोडले होते. त्यायनं गोटे वेचले, विहीर खणली, अन् आता तिथं गाव हाय. उद्या कोनी म्हनलं हे सोडा अन् फ्लॅटमधी चला, त मी पन नाही जानार."

विदर्भात हे काही एकाच ठिकाणी घडलेलं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. फरक एवढा, आणि तो मोठा आहे, की आपल्याकडच्या या वसाहती माणसाला उभं करण्यासाठी निघाल्या. लशंग माणसाला नजरेआड करण्यासाठी निघालं. तिथल्या माणसांनी ते स्वतःच्या बळावर घर केलं. म्हणूनच त्यांचा नकार मला अधिक मोलाचा वाटतो.

आमाने अजून एक गोष्ट दाखवली, कपाटातली एक कागदाची घडी. जपानच्या भरपाईचं पत्र. जपानने २००१ मध्ये स्वतःच्या देशातल्या कुष्ठरुग्णांना भरपाई देण्याचा कायदा केला, तेव्हा जुन्या वसाहतींमधल्या रुग्णांना त्यात धरलं नव्हतं. लशंगच्या २५ जणांनी टोकियोत दावा लावला. २५ ऑक्टोबर २००५ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने कोरियातल्या सोरोक बेटावरच्या रुग्णांचा तसाच दावा फेटाळला. पुढे २००६ मध्ये जपानने कायदाच दुरुस्त केला आणि दोन्हीकडच्यांना प्रत्येकी ८० लाख येन मिळाले. तैवानच्या संसदेने स्वतःचा भरपाई कायदा केला तो २००८ मध्ये. म्हणजे परक्या सत्तेने आधी चूक मान्य केली, मग घरच्यांनी. आमा म्हणाल्या, "पैसे ठेवलेत. पायऱ्या हव्यात." जुन्या गेटपासून वर येणाऱ्या पायऱ्या आणि उतार खोदकामात गेले. आता ये-जा होते ती पुलावरून, आणि बॅटरीच्या गाडीवरून फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना ती जड जाते. जुनं प्रवेशद्वार, जमिनीला जोडलेलं, परत बांधून द्या, ही मागणी त्यांनी सोडलेली नाही.

निघायच्या आधी काकांनी आमाच्या बुटाकडे बोट दाखवलं. आत स्पंजाची घडी कोंबलेली होती. ताईंनी पाय पाहिला, टाचेला जुना व्रण होता, भरत आलेला. काकांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, आमाला त्यावर पाऊल ठेवायला सांगितलं आणि माझ्या पेनने कडेने रेघ ओढली. व्रणाच्या जागी फुली. दोन्ही पाय. मग अंगठ्याची उंची सुतळीने मोजली आणि सुतळीला गाठ मारली. हे सगळं होताना एकही शब्द भाषांतराला आला नाही.

संध्याकाळी हॉटेलवर अहवाल लिहायला बसलो, तेव्हा वाद झाला. सचिवांनी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं, 'रुग्णांचे आधुनिक रुग्णालयात स्थलांतर, सुविधा उत्तम'. त्यात खोटं काही नव्हतं. काका म्हणाले, जे गेले नाहीत त्यांचंही लिहा, नाहीतर माझं नाव काढा. डॉक्टर आधी सचिवांच्या बाजूने होते. ड्रेसिंग वेळेवर न झाल्याने पाय गमावलेले रुग्ण त्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यांची काळजी पोकळ नव्हती. तासभर बोलणं चाललं. शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली: नर्सने टेकडीवर जावं, माणसाला टेकडीवरून उतरवू नये, अशी शिफारस अहवालात घालायची. सचिवांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली, आणि खाली आमाचं बोलणं, नाव न देता, पूर्ण घेतलं.

तो परिच्छेद मी मँडरिनमध्ये करून विद्यार्थिनीला पाठवला. तिने तो आमाला वाचून दाखवला. आमाने एकच दुरुस्ती सुचवली: झाड 'आम्ही' लावलं असं लिहिलंय, ते त्यांच्या नवऱ्याने लावलं, तसं घाला. सचिवांनी ते बदललं.