दहाव्या वचनाला मी गप्प का होते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदाच आणि सविस्तर, कारण चर्चमधली उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर उभ्या उभ्या हे सांगता येत नाही. प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. शेजारणी विचारतात, ‘थोरला मुलगा गेला, तरी देवाची प्रीती कायमची आहे असं तुम्हाला म्हणवतं तरी कसं?’ मंडळीतले विचारतात, ‘इतकी वर्षं झाली, तुम्ही अजून १३६ वं स्तोत्र पुरं का म्हणत नाही?’ हे स्तोत्र बायबलमधलं, देवाचे उपकार मानण्याचं. एकांना वाटतं मी स्वतःला फसवते, दुसऱ्यांना वाटतं माझा विश्वास कच्चा आहे.

थोरला कसा गेला ते तुम्हाला ठाऊक आहे. २४ वर्षांचा होता. त्यापुढे त्याबद्दल लिहीत नाही.

लिहायचं आहे ते त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याबद्दल, उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारबद्दल. वेदीपुढे बाजरीची पोती होती, भोपळे होते, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या. मी जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, ‘चल, मागच्या बाकावर बसू.’ पाळकसाहेबांनी १३६ वं स्तोत्र काढलं. त्यात २६ वचनं. प्रत्येकाचा पहिला अर्धा भाग ते वाचणार आणि मंडळी उत्तर देणार, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ लहानपणापासून म्हणत आलेय, पुस्तक उघडावं लागत नाही. आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. नऊ वेळा मी म्हटलं. आवाज बरा होता, मलाच नवल वाटलं.

दहावं वचन म्हणजे मिसर (इजिप्त) देशातले प्रथमजन्मलेले ज्याने मारले, त्याचे उपकार माना. आणि उत्तर तेच, त्याची दया सनातन आहे.

चाळीस वर्षं मी हे उत्तर दिलं होतं आणि त्या वचनात कोणाची तरी मुलं मेली आहेत हे एकदाही कानांवर आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. माझं तोंड मिटलं. थोरला माझा पहिला. मिसरातल्या त्या बाईचाही पहिलाच असणार.

मंडळीचं उत्तर संपलं आणि शेजारून एकटा आवाज आला, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ सासूबाई. सगळ्यांबरोबर एकदा म्हणून झालं होतं, ही दुसरी खेप. अकराव्याला तसंच. बाराव्याला तसंच. लोक वळून बघायला लागले. पाळकसाहेब पुढचं वचन वाचायच्या आधी त्यांच्यासाठी थांबू लागले. दहाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत १७ वेळा चर्च एका म्हातारीसाठी थांबलं. त्यांचाही नातू होता तो, त्यांच्या मांडीवर वाढलेला.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या तोंडचं तुम्ही का बोललात? मला म्हणायचं नव्हतं, ते तुम्ही माझ्या वतीने कसं म्हटलंत? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘तू नको म्हणूस. तुझा वाटा राहून जात होता, तेवढा मी म्हटला.’ मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यात मी चुकले का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी मला विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे एका निवृत्त पाळकांनी मला सांगितलं की आपण ‘दया’ म्हणतो तिथे मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘हेसेद’ आहे आणि जुन्या करारात तो सुमारे २५० वेळा येतो. दया म्हटली की मला वरून कोणीतरी खाली काही टाकल्यासारखं वाटतं. हेसेद तसा नाही. नात्याने, कराराने बांधलेल्या माणसाने जड जात असतानाही सोडून न जाणं, असा त्याचा अर्थ. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी हाच शब्द आपल्या सुनांसाठी वापरते. तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं वागलात तसं देव तुमच्याशी वागो, असा आशीर्वाद देते. त्याच अध्यायात ती असंही म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू म्हणा, कारण देवाने मला फार कडू केलं. दोन्ही एकाच बाईच्या तोंडी. तिला कोणी विचारत नाही की तुझा विश्वास कच्चा आहे का.

मला मात्र पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी १९२२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. मला रमाबाईंबद्दल अपार आदर आहे. पण दहावं वचन त्यांच्याही हाताखालून गेलंच असणार. तिथे त्यांची लेखणी थांबली की नाही, हे उदाहरण देणाऱ्यांना कुठे माहीत आहे?

संडे स्कूलमध्ये मी नऊ वर्षं शिकवलं. इस्राएलाच्या सुटकेसाठी देवाने मिसरावर आणलेल्या दहा पीडा, त्यातली शेवटची प्रथमजन्मलेल्यांचं मरण, हे शिकवताना मुलांना दहा बोटं मोजायला लावायचे आणि दहावं बोट मिटलं की टाळ्या. एका शेजारणीचं बाळ गेलं तेव्हा ‘देवाची काही योजना असेल’ असं म्हणून आलेय मी. तेव्हाच्या त्या बाईला आज माझ्या दारात उभी करणार नाही. पण तिला खोटारडीही म्हणवत नाही. तिने शिकवलेलंच स्तोत्र माझ्या तोंडात अजून आहे.

यहुदी लोक वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या जेवणात दहा पीडांची नावं घेताना दर नावाला प्याल्यातला द्राक्षारसाचा एकेक थेंब बाहेर काढतात. शत्रू मेला म्हणून आपला प्याला भरलेला राहू नये, असा त्याचा अर्थ सांगतात. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ रडले. माझं गप्प राहणं हा माझा थेंब आहे, असं मला वाटतं. मंडळीने तो अविश्वास समजू नये, एवढंच माझं मागणं.

आणि ‘देवानेही आपला एकुलता एक पुत्र दिला’ असं मला म्हणता, ते मी मानते. त्यावरच मी उभी आहे. पण त्याचा तिसऱ्या दिवशी उठला. माझा अजून नाही. मी ‘अजून’ म्हणते, ते विचार करून म्हणते.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. आता माझा वाटा कोणी म्हणत नाही. दर वर्षी दहाव्याला मी गप्प होते आणि अकराव्याला पुन्हा सुरू करते. गेल्या वर्षी मात्र तेराव्यापर्यंत आवाज फुटला नाही. तेव्हाच तुम्ही पुढच्या बाकावरून वळून बघितलंत.